अंमलाचा शब्द

राजवर्धनच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक म्हणायला सुभेदार उत्तम निकम मुळीच तयार नव्हते. वराच्या बापानं माईक धरून उभं राहायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पण पाहुण्यांनी गलकाच केला.

"सुभेदार, हजार जवानांना विनामाईक ऐकू जायचा तुमचा आवाज. आज आम्हालाही ऐकू द्या की!"

त्यांच्या पत्नी शालन हसून म्हणाल्या, "म्हणा हो. एवढे लोक म्हणतायत तर."

शेवटी भटजींनीच माईक त्यांच्या हातात दिला. अठ्ठावीस वर्षं पायदळात आणि त्यातली सोळा कवायतीचे उस्ताद म्हणून काढलेल्या माणसाचा गळा तो. चाल साधी होती, पण आवाज मांडवाच्या कनातींना थरथर आणत गेला. "शुभमंगल" म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि परेड ग्राउंडवर फोडावा तसा पुढचा शब्द फोडला.

"साऽऽव... धान!"

अंतरपाट खाली आला. ताशा सुरू झाला, अक्षता उडाल्या. नवरी तेजल हार उंचावून उभी राहिली आणि राजवर्धन तिच्यापुढे जरा वाकेल म्हणून थांबली.

राजवर्धन वाकला नाही. त्याच्या हातातला हार पायाशी पडला होता. टाचा जुळलेल्या, मुठी विजारीच्या शिवणीला, छाती पुढे, नजर समोर. तेजलच्या डोक्यावरून पलीकडे कुठं तरी बघत तो खांबासारखा उभा होता.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "फौजी नवरा आहे बाई, सलाम ठोकेल आता!" मग तिसऱ्या रांगेतून एका बाईची किंकाळी आली आणि हसणं थांबलं.

तिथं राजवर्धनच्या तुकडीतले त्याचे पाच मित्र बसले होते. पाचही जण उभे होते, राजवर्धनसारखेच. त्यांच्यातल्या सोमनाथ डुबलच्या कडेवर त्याच्या बहिणीची दोन वर्षांची मुलगी होती, ओवी. सोमनाथचे दोन्ही हात मांडीला चिकटले होते आणि ओवी त्याच्या बुटांपाशी फरशीवर पडून हात पोटाशी धरून रडत होती. बहीण त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती. सोमनाथ खाली बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलत नव्हती.

उत्तमराव माईक धरून तसेच उभे राहिले. काय झालं ते त्यांना कळेना. नजर सहाही पोरांच्या पायांवर गेली. पंजे तीस अंशांत उघडे. सगळ्यांचे अगदी सारखे, जणू एकाच साच्यातून काढलेले. 'पंजे तीस अंशांत' हे कवायत पुस्तिकेतलं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यांनी कसाबसा शब्द काढला.

"विश्राम."

सहा शरीरं एकदम सैल पडली. सोमनाथ गुडघ्यांवर कोसळला आणि भाचीला उचलायला हात पुढे केला. बहिणीनं ओवीला हिसकावून घेतलं. राजवर्धननं बापाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर उत्तमरावांनी सोसला असता. तिच्यात भीती होती.

ओवीचा हात कोपरापाशी मोडला होता. लग्नाच्या पंगती बसल्या, पण कुणाला घास गेला नाही.

*

निवृत्तीनंतर उत्तमरावांना त्वरा नावाच्या संस्थेनं बोलावलं होतं. द्रुत दल हे नवं दल उभं राहत होतं आणि त्याच्या प्रशिक्षणाचं काम त्वराकडे होतं. उत्तमरावांनी तिथं कवायत पुस्तिका मराठीत लिहिली. मग तीन महिने एका बंद खोलीत बसून एकेक हुकूम शेकडो वेळा म्हटला. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, थम. ऐकून शिकायचे धडे करायचेत, असं त्यांना सांगितलं होतं. त्याच दलात पुढे त्यांचा मुलगा भरती झाला, तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले होते. एरवी चौतीस आठवडे लागणारी कवायत त्या पोरांनी चार आठवड्यांत उचलली, याचंही त्यांना मोठं कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते त्वराच्या केंद्रावर पोचले. तिथल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. केतकी वझे त्यांना ओळखत होत्या. लग्नातली हकिगत ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दार लावून घेतलं आणि टेबलावर एक टोपी ठेवली. हेल्मेटच्या आतल्या जाळीसारखी, तांब्याच्या वेटोळ्यांची.

"सुभेदार, तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो. तसंच दचकण्याचं. ते काम मेंदूच्या तळाचं. करावं की न करावं हे ठरवतो मेंदूचा वरचा थर, आणि त्याला वेळ लागतो. पाव सेकंद तरी."

"बरं."

"आता एखादी हालचाल करायला माणूस अगदी टपून बसलेला असेल आणि कानाशी मोठा आवाज झाला, तर ती हालचाल वरच्या थराला न विचारताच सुटते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. शर्यतीत धावणाऱ्यांवर हे फार पूर्वी बघितलं गेलंय. आम्ही इतकंच केलं, की माणसाला कायमचं टपून बसवलं." त्यांनी टोपीवर बोट ठेवलं. "पोरं कवायत करत असताना अंमलाच्या शब्दाला, म्हणजे हुकमाच्या शेवटच्या तुकड्याला, ही टोपी चुंबकाचा हलका ठोका देते. मग पोरं झोपली की तोच शब्द, तोच ठोका, हजारो वेळा. शेवटी हुकूम कानातून थेट तळाला जातो. मधल्या माणसाला कळायच्या आत शरीरानं तो पाळलेला असतो."

"मग शब्द कुणीही उच्चारला तर?"

"नाही. तेवढी काळजी घेतली होती. एकाच आवाजाला बांधलंय." डॉक्टरांनी नजर खाली घातली. "तुमच्या. सगळ्यात स्वच्छ आवाज तुमचाच होता. तुमचा मुलगा पुढच्या तुकडीत आला, तेव्हा मी संचालकांना म्हटलं होतं की त्याला दुसऱ्या आवाजावर घ्या. वेळ नाही म्हणाले."

उत्तमरावांना कालचा मांडव आठवला. भटजींनी सात मंगलाष्टकं म्हटली होती, सात वेळा सावधान झालं होतं, आणि काही घडलं नव्हतं. आठवं त्यांचं होतं.

संचालक दळवी दुपारी भेटले. बोलायला गोड माणूस. ओवीच्या औषधपाण्याची सगळी जबाबदारी संस्था घेईल म्हणाले, आणि यापुढे घरी जरा जपून बोला म्हणाले. टेबलावर कवायत पुस्तिकेची नवी आवृत्ती होती. उत्तमरावांनी सवयीनं पहिला धडा उघडला. त्यांनी लिहिलं होतं: 'चेतावणीचा शब्द लांबवावा, अंमलाचा शब्द तोडून म्हणावा. दोहोंमध्ये दोन पावलांइतकी फट ठेवावी. त्या फटीत जवान हुकूम समजून घेतो.' नव्या आवृत्तीत शेवटची दोन वाक्यं नव्हती.

"माझी फट कुठं गेली?"

"त्या फटीतच माणसं मरतात, सुभेदार. समोरचं ड्रोन पाव सेकंद थांबत नाही. तुमच्या पोराचा जीव वाचवतोय आम्ही."

"साहेब, साव म्हटलं की जवान ऐकतो आणि धान म्हटलं की करतो. मधे त्याचं डोकं असतं. ते काढलं तर मी शिकवलं कुणाला?"

दळवी हसले. "तुम्ही फार जुने आहात. आता आपण बरेच पुढे आलोय." संगणकावर त्यांनी काहीतरी दाबलं आणि खोलीत उत्तमरावांचा आवाज घुमला.

"फायर!"

उत्तमराव मागे सरले. आवाज त्यांचाच होता, टोकाला येणाऱ्या किंचित खरखरीसकट. पण तो शब्द त्यांनी त्या बंद खोलीत कधीच उच्चारला नव्हता. त्यांनी फक्त पायांची कवायत शिकवली होती. बंदुकीचा एकही हुकूम दिला नव्हता.

"हे मी म्हटलेलं नाही."

"म्हणायची गरज नाही. नमुने भरपूर आहेत. तुम्ही न बोललेलं काहीही तुमच्या आवाजात बोलता येतं. करारात आहे ते."

*

संध्याकाळी घरी आले तर तेजल ओट्यावर चहा गाळत होती आणि राजवर्धन मागच्या अंगणात एकटाच बसला होता. उत्तमराव दारातच थबकले. पोराशी कोणत्या शब्दानं बोलावं, हेच त्यांना सुचेना.

"राजू," ते शेवटी अगदी हळू म्हणाले, "येऊ का?"

राजवर्धननं मान हलवली.

"काल काय झालं रे तुला?"

"मी वाकत होतो, अण्णा. आतल्या आत. तेजल हार घेऊन उभी होती, मला दिसत होती. पाठ वाकत नव्हती. ती पाठ माझी नव्हतीच. पण तुम्हाला हे माहीत असणारच."

"मला? मला आज कळलं."

राजवर्धन हसला, पण त्यात हसू नव्हतं. "अण्णा, आता तरी खोटं बोलू नका. मार्चपासून मी वाट बघतोय, तुम्ही एकदा तरी तो विषय काढाल म्हणून."

"कसला विषय?"

"त्या मेंढपाळाचा."

उत्तमरावांना काहीच उमगेना. तेव्हा राजवर्धनला पहिल्यांदा शंका आली. तो उठून त्यांच्यासमोर येऊन बसला आणि सांगू लागला.

मार्चमध्ये माळावर गोळीबाराचा सराव होता. राजवर्धन, सोमनाथ, सगळे सहाजण एका ओळीत पालथे. समोर निशाण्याची फळी वर आली की यंत्रच हुकूम सोडायचं. एक मेंढी कुंपणाच्या आत शिरली आणि तिच्यामागून एक माणूस आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. यांच्याकडे बघून तो हात हलवत होता, गोळी मारू नका म्हणून. सहाही जणांनी त्याला बघितलं. त्याच्यामागे फळी वर आली.

"आणि कानात तुमचा आवाज आला. फायर. मला तो माणूस दिसत होता, अण्णा. बोट उचलायचं होतं मला. मी बोटाला उचल म्हणेपर्यंत गोळी गेलेली होती. सहा गोळ्या गेल्या." राजवर्धनचा आवाज फाटला. "कागदावर लिहिलं, अनोळखी इसम हद्दीत घुसला. त्याचं नाव बिरू येडगे होतं. सोमनाथनं शोधून काढलं. आम्ही साहेबांना विचारलं, तर म्हणाले, उस्तादांना सगळं माहीत आहे, हुकूम त्यांचाच आहे. आम्ही म्हटलं, उस्तादांचा हुकूम असेल तर त्यात काहीतरी असेल. मीही तेच म्हटलं. माझा बाप चुकीचा हुकूम देणार नाही म्हटलं."

तेजल चहाचा ट्रे घेऊन दारात कधीची उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी तो शब्द उच्चारला नाही, राजू," उत्तमराव म्हणाले. "आज दुपारपर्यंत मी तो ऐकलाही नव्हता. तुझ्या आईची शपथ."

राजवर्धननं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तीन महिने तो घरी येऊन दोन शब्द बोलून खोलीत जात होता, आणि लग्न जवळ आलंय म्हणून पोरगं अबोल झालं असेल, असं उत्तमराव शालनला सांगत होते.

शालननं नंतर सगळं ऐकलं आणि पदर तोंडाशी धरून एवढंच विचारलं, "त्या माणसाला घरी कोण आहे?"

बायको होती. दोन मुली होत्या.

*

तक्रार करायची हे ठरायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच निघाली. सोमनाथ दुसऱ्याच दिवशी एकटा पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेला. तिथं त्याचा फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला आणि पलीकडून यंत्रात बनवलेला उत्तमरावांचा आवाज म्हणाला, "पीछे मुड." सोमनाथ वळला. "तेज चल." सोमनाथ चालू लागला. घरच्या पडवीत पोचेपर्यंत त्याचे पाय थांबले नाहीत.

उत्तमरावांनी डॉ. वझेंना गाठलं. "हे काढता येतं का?"

"यंत्रानं नाही. एकच उपाय आहे, आणि तो मी कुणावर करून बघितलेला नाही. तोच शब्द, तोच आवाज, पुन्हा पुन्हा, टोपीशिवाय. आणि शरीर हललं तरी माणसानं मुद्दाम दुसरं काहीतरी करत राहायचं. हळूहळू वरचा थर मधे शिरायला लागेल. कदाचित."

"म्हणजे सराव."

"हो. पण उलटा."

सराव हा उत्तमरावांना कळणारा शब्द होता. दोघा मित्रांनी वैद्यकीय कारणावर रजा वाढवून घेतली, बाकीच्यांनी सरळ रुजू व्हायला नकार दिला. रोज सकाळी सहा वाजता सहाजण निकमांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत जमू लागले. उत्तमरावांनी वहीत नवी पुस्तिका लिहायला घेतली. धडा पहिला: हुकूम ऐकताना बसून राहणे. धडा दुसरा: हुकूम ऐकताना भाकरी खाणे. धडा तिसरा: हुकूम ऐकताना शेजारच्याशी गप्पा मारणे. प्रत्येक धड्याखाली आवर्तनं लिहिलेली. शालन आणि तेजल भाकऱ्या थापून देत.

पहिले बारा दिवस काही झालं नाही. उत्तमराव सावधान म्हणत आणि सहा ताटं उपडी होत. पोरं घामेघूम होऊन उभी. उत्तमराव विश्राम म्हणत, पोरं ताटं उचलत, पुन्हा बसत. सोळा वर्षांत हजारो रंगरूटांना त्यांनी एका शब्दावर उभं राहायला शिकवलं होतं. आता आपल्याच पोराला त्याच शब्दावर बसून राहायला शिकवताना त्यांच्या काळजाचं पाणी होत होतं. दिवसातून दोनशे वेळा ते स्वतःच्या हातानं पोराला फटका मारल्यासारखं उभं करत होते.

"अण्णा, थांबू नका," राजवर्धन दात आवळून म्हणायचा. "आणखी एकदा."

तेजल फोनवर वेळ मोजायची. तेराव्या दिवशी ती ओरडली, "उशीर झाला! राजवर्धनला उशीर झाला!" राजवर्धन उभाच राहिला होता, पण उठण्याआधी त्यानं घास तोंडात घातला होता. शालननं तिथल्या तिथं डोळे पुसले.

*

उत्तमरावांनी लेखी दिलेल्या तक्रारीवर नेमलेल्या चौकशी समितीपुढे सुनावणी सरावाच्या अकराव्या आठवड्यात झाली. डॉ. वझेंनी नोकरी सोडून सगळ्या ध्वनिफिती समितीला दिल्या होत्या. बिरू येडगेची बायको, यशोदा, भिंतीकडेच्या बाकावर मुलींना घेऊन बसली होती. उत्तमराव तिच्या मागच्या रांगेत होते. तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

राजवर्धन साक्षीच्या खुर्चीत होता. बाकी पाच पहिल्या बाकावर. त्वराचे वकील उठले.

"साक्षीदार म्हणतात, हुकूम ऐकला की त्यांचं शरीर त्यांच्या ताब्यात नसतं. मग ते समितीसमोरच तपासून बघू. आमची एक ध्वनिफीत लावायची परवानगी द्यावी."

अध्यक्षबाईंनी विचार केला आणि परवानगी दिली. उत्तमरावांच्या लक्षात डाव आला. पोरं उठली तर ती दुसऱ्याच्या तालावर नाचणारी बाहुली, त्यांच्या साक्षीला अर्थ काय? आणि नाही उठली तर सगळी गोष्टच बनाव. ते ओरडणार होते, इतक्यात आवाज आला.

"साऽऽवधान!"

मधे फट नव्हती. दळवींच्या आवृत्तीतला हुकूम होता तो.

पहिल्या बाकावरचे दोघं ताडकन उभे राहिले. सोमनाथ त्यातला एक. बाकीचे तिघं बाक घट्ट धरून हादरत राहिले, पण बसून राहिले. साक्षीच्या खुर्चीत राजवर्धनच्या टाचा खाडकन जुळल्या, मुठी आवळल्या गेल्या, मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या. तो अर्धा उठला. आणि तिथून, कुणी खांद्यावर पोतं दिल्यासारखा, इंचाइंचानं पुन्हा खाली बसला.

"त्याच्या खांद्यावर घोंगडी होती," तो म्हणाला. शब्द दातांमधून येत होते. "तो हात हलवत होता. मी त्याला बघितलं होतं."

यशोदाच्या तोंडून हुंदका फुटला. अध्यक्षबाईंनी लेखनिकाला खूण केली. लेखनिक लिहू लागला.

सभागृहात आता सगळे एका दिशेला बघत होते, आणि ती दिशा राजवर्धनची नव्हती. काहीजण मागे वळले होते. उत्तमरावांना ते समजेना. मग त्यांना स्वतःचे पाय दिसले.

ते उभे होते. टाचा जुळलेल्या, पंजे तीस अंशांत, मुठी पँटच्या शिवणीला. त्यांच्या डोक्यावर कुणी टोपी ठेवली नव्हती. कुणी त्यांना झोपेत ठोके दिले नव्हते. ते कधी उभे राहिले, त्यांना कळलंच नव्हतं.

सोळा वर्षांतले चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागले. फट ठेवली होती मी, ते मनाशी म्हणाले. दोन पावलांची फट ठेवली होती. पण आपण स्वतः त्या फटीत एकदा तरी थांबलो होतो का, ते त्यांना आठवेना. पाय हलवायला गेले, ते हलेनात.

राजवर्धननं साक्ष अर्धवट सोडली. "एक मिनिट," तो अध्यक्षबाईंना म्हणाला, आणि खाली उतरून बापाजवळ आला. त्यांची आवळलेली मूठ त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट उलगडलं.

"अण्णा," तो म्हणाला, "बसा आता."

उत्तमरावांनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ गेला. मग ते बसले.